पिशवीत पुस्तकं, हातात पास : मराठवाड्यातले सात दिवस

निघण्याआधी

मराठवाड्याची पुस्तकं मराठवाड्यात नेऊन वाचायची, एवढाच हा बेत. पुस्तक त्याच्या गावात नेलं की आपोआप खुलतं, हा समज मात्र घरी ठेवून निघावं. काही खुलतात. काही गावासमोर फिकी पडतात. आणि दोन-तीन अशी आहेत की त्या गावात असेपर्यंत ती पिशवीतून काढूच नयेत.

आधी पिशवीचा हिशोब. डेमी आकाराचं दीडशे-पावणेदोनशे पानांचं पेपरबॅक दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतं. अशी सात-आठ पुस्तकं म्हणजे दीड किलो. त्याच्या वर गेलं की तिसऱ्या दिवशी खांदा कुरकुरतो आणि पुस्तकं लॉजवर पडून राहतात. जाड पोथ्या, सटीप आवृत्त्या घरीच बऱ्या. त्यातली लागतील तेवढी पानं वहीत उतरवून घ्यावीत. बांधणी बघून घ्यावी. नुसत्या डिंकावर चिकटवलेलं पुस्तक एसटीच्या खिडकीशी दोन दिवस तापलं की कण्याशी तडकतं आणि पानं सुटी होतात. शिवलेल्या बांधणीत पुस्तक मधोमध उघडलं की दोरा दिसतो. दोन आवृत्त्या मिळत असतील तर तीच घ्यावी, दहा-वीस रुपये जास्त पडले तरी.

एसटीच्या ‘आवडेल तेथे प्रवास’ योजनेत चार आणि सात दिवसांचे पास मिळतात. सात दिवसांचा या प्रवासाला बरोबर बसतो, पण शेवटचे दोन टप्पे रेल्वेचे आहेत, तेव्हा आधी सुट्या तिकिटांची बेरीज करून बघावी. महिलांना तिकिटात निम्मी सवलत आहे, त्यांना पास बहुतेक महागच पडेल. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत, त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.

बसमध्ये वाचायचं तर मधली बाकं धरावीत. मागच्या चाकावरच्या आणि त्याच्याही मागच्या बाकावर अक्षरं नाचतात आणि अर्ध्या तासात मळमळतं. सकाळी दक्षिणेकडे जाताना ऊन डावीकडून येतं, तेव्हा उजवी बाजू घ्यावी. एवढं करूनही बसमध्ये कादंबरी होत नाही. कविता होते, भारूड होतं, दोन पानांचा लेख होतो. कादंबरी मुक्कामाला.

दिवस मार्गशीर्ष-पौषाचे निवडावेत. ऊन सोसवतं, हुरडा मिळतो, आणि संध्याकाळी सहानंतर थंडीमुळे माणूस निमूटपणे खोलीत बसून वाचतो.

पहिला दिवस : अजिंठा

छत्रपती संभाजीनगरहून फुलंब्री, सिल्लोड करत फर्दापूर, साधारण शंभर किलोमीटर, अडीच ते तीन तास. सोमवारी अजिंठा बंद असतं, वेरूळ मंगळवारी. फर्दापूरच्या तिठ्यापासून लेण्यांपर्यंतचे चारेक किलोमीटर तिथल्या बसने जावं लागतं.

ना. धों. महानोर या डोंगराजवळच्या पळसखेड्याचे. त्यांची दोन पुस्तकं सोबत असावीत आणि दोन्ही वेगवेगळ्या जागी उघडावीत. ‘अजिंठा’ ही त्यांची दीर्घ कविता इंग्रज चित्रकार रॉबर्ट गिल आणि त्याची इथली प्रेयसी पारो यांची. गिल १८४४ साली लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला इथं आला. त्याच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पारोचं थडगं अजिंठा गावात आहे, त्यावर १८५६ साल कोरलेलं आहे. हे सगळं ठाऊक असल्याशिवाय ती कविता नुसती हळवी वाटते. ठाऊक असलं की तिच्यातली हळहळ चित्रांसाठी किती आणि बाईसाठी किती, हे मोजत बसावंसं वाटतं, आणि तिथंच ती धरून ठेवते.

पण ती लेण्यात वाचू नये. एक तर १, २, १६, १७ या चित्रांच्या लेण्यांत प्रकाश इतका मंद ठेवलेला असतो की छापील अक्षर दिसत नाही. दुसरं म्हणजे पद्मपाणीसमोर उभं राहून कुठलीही कविता वाचली तरी ती हरते. आदल्या रात्री वाचून यावं, आणि लेणी बघून झाल्यावर अजिंठा गावात उतरून थडग्यापाशी एकदा चाळावी. तिथं गर्दी नसते.

‘रानातल्या कविता’ (१९६७) मात्र सिल्लोडच्या पुढं बस लागली की उघडावी. बाहेर तूर, कापूस, ज्वारी. या कवितेचं बळ नादात आहे, आणि बसच्या आवाजात मनातल्या मनात वाचली तरी नाद टिकतो. एका बैठकीत दहा कविता पुरेत. त्यापुढं पाऊस, पक्षी, ओली माती एकमेकांत मिसळतात आणि प्रत्येक कविता आधीच्या कवितेसारखी वाटायला लागते. हा दोष कवितेचा कमी आणि वाचणाऱ्याच्या हावरेपणाचा जास्त. महानोरांची गाणी ऐकून कवितेकडे आलेल्यांना पहिली काही पानं कोरडी वाटतील. चाल डोक्यातून जाऊ द्यावी, मग ओळ ऐकू येते.

दुसरा दिवस : पैठण

पन्नास किलोमीटर, दीड तास. इथं पूर्ण दिवस द्यावा, कारण मराठीतली तीन-चार युगं या एका गावात एकमेकांवर रचलेली आहेत आणि प्रत्येकाला वेगळ्या वेळी भेटावं लागतं.

सकाळी गाथासप्तशती. हाल सातवाहनाच्या नावावर असलेला हा सातशे गाथांचा संग्रह महाराष्ट्री प्राकृतातला. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे हेच पैठण. स. आ. जोगळेकरांची आवृत्ती सगळ्यात भरवशाची, पण प्रस्तावनेसकट ती एवढी जड आहे की प्रवासात नेणं वेडेपणाचं. वीस गाथा मूळ आणि अनुवादासह वहीत उतरवून आणाव्यात. निवडताना गोदेचं नाव आलेल्या गाथा आधी घ्याव्यात, त्या बऱ्याच आहेत.

वाचायची रीत अशी. आधी प्राकृत ओळ मोठ्याने, अर्थ न बघता. तिसऱ्यांदा म्हणताना दोन-चार शब्द ओळखीचे निघतात. मराठीची पणजी बोलतेय हे कानाला कळतं. मग अनुवाद. मग टीप, कारण गाथेत कोण कोणाला बोलतंय हे लिहिलेलंच नसतं. तीच गाथा बायको नवऱ्याला म्हणाली तर तक्रार होते, मैत्रिणीला म्हणाली तर खूण होते, आणि वाटसरूला म्हणाली तर उघड आमंत्रण. टीकाकार बोलणारा ठरवून देतात. आधी आपण ठरवावा आणि मग टीप बघावी, यातच सगळी गंमत आहे. पन्नास गाथा सलग वाचणाऱ्याचा हमखास बट्ट्याबोळ होतो. परगावी गेलेला नवरा, शेजारीण, शेत, नदी हेच पुन्हा पुन्हा येतं आणि कंटाळा येतो. सकाळी सात, संध्याकाळी सात, बस.

घाटावर बसून वाचायच्या असतील तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. जायकवाडीचं धरण गावाच्या वरच्या अंगाला आहे, त्यामुळं घाटाशी पाणी किती असेल ते धरणातून किती सोडलंय यावर ठरतं. गाथेतली दुथडी नदी डोळ्यांपुढं आणायला नाथसागराचा, म्हणजे धरणाच्या जलाशयाचा, काठ बरा. हिवाळ्यात तिथं पाहुणे पक्षीही असतात.

दुपारी नाथवाडा आणि समाधीमंदिर. सोबत एकनाथी भागवत न्यायची हौस अनेकांना असते. हिशोब करून बघा. भागवताच्या अकराव्या स्कंधावरची ही टीका, अध्याय एकतीस, ओव्या सुमारे अठरा हजार आठशे. अर्थ लावत तासाला साठ ओव्या होतात असं धरलं तर तीनशेवर तास; रोज एक तास बसलं तरी वर्ष निघून जातं. तेव्हा पैठणच्या एका दुपारी भागवत ‘वाचून’ होत नाही, नुसतं वाचल्याचं समाधान होतं. त्यापेक्षा भारुडं घ्यावीत. एक भारूड मिनिटा-दीड मिनिटाचं, आणि ते उभ्याने, आवाजात, शेजाऱ्याला ऐकू जाईल असं वाचायचं. भारूड मनात वाचलं की नुसतं रूपक उरतं: विंचू म्हणजे अमुक, भूत म्हणजे तमुक. तोंडाने म्हटलं की आधी हसू येतं आणि अर्थ मागून येतो, आणि नाथांना तोच क्रम हवा होता. अभंगासारखं गंभीर तोंड करून भारूड वाचणाऱ्याचं अजिबात ऐकू नये.

एकनाथांचं आणखी एक काम वाचकाच्या उपयोगाचं. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले पाठभेद तपासून त्यांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. आज आपण ज्ञानेश्वरीच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून ‘इथं ओवी वेगळी का?’ असं विचारतो, तो प्रश्न या गावात चारशे वर्षांपूर्वी पडलेला आहे. ज्ञानेश्वरांचं आपेगावही इथून जवळच. वेळ उरला तर जावं.

लीळाचरित्र पैठणला हवंच, कारण महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या लीळांत, म्हणजे आठवणींत, हा गोदाकाठ सतत येतो. त्याची भीती बाळगू नये. तेराव्या शतकातलं गद्य असूनही वाक्यं आखूड आहेत. आजच्या कितीतरी लेखांपेक्षा आखूड. एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध असे तीन भाग. नवख्याने एकांकापासून सुरुवात केली की पुढं जातच नाही, हे वारंवार होतं. पूर्वार्धातल्या मधल्या कुठल्याही लीळेपासून सुरू करावं. ‘सर्वज्ञें म्हणितलें’ (सर्वज्ञ म्हणजे चक्रधर) आलं की पुढचं वाक्य जपून वाचायचं, गाभा तिथं असतो. बाइसा, भटोबास, महदाइसा ही माणसं कोण एवढं एका कागदावर लिहून ठेवलं की टीपा फारशा लागत नाहीत. आमच्या मते मराठीत इतकं कमी बोलून इतकं दाखवणारं दुसरं गद्य नाही, आणि ते अभ्यासक्रमाच्या पुस्तकात अडकून पडलंय हे आपलं दुर्दैव.

रात्री बाबा भांड यांची ‘दशक्रिया’. ही कादंबरी पैठणच्या घाटावरच घडते: राख, पिंड, नदीत पडणारी नाणी, आणि त्यावर पोट असणारी पोरं. तिच्यावरून २०१७ मध्ये त्याच नावाचा चित्रपट आला. ही घाटावर उघडू नये. तिथं कोणाचं तरी दहावं चाललेलं असतं, आणि आपण त्यांच्याकडं बघत पान उलटायचं हे बरं नव्हे. घाट दिवसा बघून घ्यावा, कुठं काय होतं ते ध्यानात ठेवावं, आणि वाचायला खोलीवर यावं. भान्या या पोराच्या नजरेने चालते तोवर कादंबरी घट्ट आहे, पैशाचा आणि धर्माचा व्यवहार तिच्यात अगदी रोखठोक दिसतो. मोठ्यांच्या कुरघोड्यांत शिरते तिथं सैल पडते. तरी पहिली शंभर पानं एका रात्रीत होतात. भारुडं म्हटलेल्या दिवशीच वाचली तर जास्त बोचते.

तिसरा दिवस : बीड, अंबाजोगाई

पैठणहून बीडला थेट गाडी वेळेवर मिळाली नाही तर पाचोडला येऊन धुळे-सोलापूर महामार्गावरची गाडी धरावी. बीडहून मांजरसुंबा, केज करत अंबाजोगाई साधारण नव्वद किलोमीटर.

या रस्त्याला आत्मचरित्र: एकनाथ आवाड यांचं ‘जग बदल घालुनी घाव’. पोतराजाच्या घरात जन्मलेला मुलगा, मग बीड जिल्ह्यात दलितांच्या गायरान जमिनींसाठी आणि मानवी हक्कांसाठी लढणारा कार्यकर्ता. भाषा बोलण्यातली असल्यामुळं बसमध्येही वाचता येतं. दलित आत्मकथनांत दुःखाची नोंद करून थांबणारी पुस्तकं बरीच आहेत; हे तिथं थांबत नाही. मोर्चा कसा काढायचा, अधिकाऱ्यापुढं काय बोलायचं, गावाने वाळीत टाकल्यावर दाणापाण्याचं काय करायचं, हे सगळं यात जवळजवळ कृतीच्या पुस्तकासारखं येतं. दोष सांगायचा तर उत्तरार्धात संस्था, परिषदा, दौरे वाढतात आणि वेग मंदावतो. ती पानं भराभर उलटली तरी चालतील. खिडकीतून ऊसतोडीच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर दिसले की जमीन या माणसाला एवढी का महत्त्वाची वाटली, ते वेगळं समजावून घ्यावं लागत नाही.

अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी गावाबाहेर डोंगरात आहे. त्यांचा ‘विवेकसिंधु’ शके १११० चा, म्हणजे ११८८ चा, आणि मराठीतला आद्यग्रंथ अशी परंपरा. तो लिहिला कुठं यावर मतभेद आहेत. विदर्भातल्या अंभोऱ्याचाही दावा आहे, आणि अंबाजोगाईत हा विषय काढला तर चहा थंड होईपर्यंत सुटका नाही. ग्रंथाबद्दल आपलं मत सांगायचं तर वाचनाचं सुख कमी. वेदान्त समजावून सांगणारी अठरा प्रकरणं. ओवी स्वच्छ, पण ज्ञानेश्वरीतल्यासारखा दृष्टान्तांचा पाऊस नाही. ज्ञानेश्वरी आधी वाचून इथं येणाऱ्याला हे रेताड वाटतं. उलट क्रमाने वाचलं तर शंभर वर्षांत मराठीचं काय झालं ते दिसतं. म्हणून नवख्याने हे आधी वाचावं, तेही पंधरा-वीस ओव्या.

याच गावचे दासोपंत (१५५१–१६१५). गीतेवरचा त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा मानला जातो, तो वाचायचा विषयच नाही. पण त्यांची पासोडी बघावी: साधारण चाळीस फूट लांब, चार फूट रुंद कापडावर लिहिलेलं पंचीकरण, म्हणजे पाच महाभूतांपासून जग कसं घडलं याचा वेदान्तातला विचार. लिहिलेला मजकूर आणि आकृत्या एका कापडावर पसरून विचार समजावण्याची ही युक्ती आजच्या भिंतीवरच्या तक्त्यांची आजी म्हणावी. जुनं कापड आहे, घडी मोडली की चिरतं, त्यामुळं कोणी गेलं की उलगडून दाखवतील असं नाही. आधी विचारून जावं आणि नाही म्हटलं तर हट्ट धरू नये.

चौथा दिवस : लातूर, किल्लारी

साठ किलोमीटरवर लातूर. पुस्तकाच्या दुकानात शिरलं की आधी नीट-जेईईच्या प्रश्नसंचांच्या थप्प्या. लातूर पॅटर्नच्या गावात कादंबरी मागायची तर आवाज जरा चढवावा लागतो.

सकाळी बसने औशावरून किल्लारी. इथल्या भूकंपावरचं अतुल देऊळगावकरांचं ‘डळमळले भूमंडळ’ जाताना नको, येताना वाचावं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं; आदल्या रात्री गणेश विसर्जन होऊन गाव नुकतं झोपलेलं. घरं दगडमातीची, भिंती दोन-दोन फूट जाड, वर मातीचं माळवद. भिंतीचे बाहेरचा आणि आतला असे दोन पदर आणि मध्ये भर. दोन्ही पदरांना आरपार बांधणारा दगड नसला की हादऱ्याने पदर सुटतात आणि माळवदाचं सगळं वजन खाली येतं. म्हणजे माणसं मेली ती घर कसं बांधलं होतं त्यामुळं. विज्ञान, बांधकाम आणि सरकारी कारभार तिन्ही नीट समजलेला लेखक मराठीत विरळा, म्हणून हे पुस्तक वाचायचं. जुन्या गावाची जागा आणि नवं पुनर्वसित गाव दोन्ही बघून परत बसमध्ये बसल्यावर त्याला धार येते. आधी वाचून गेलं तर आपण गावात पुस्तकातली उदाहरणं शोधत फिरतो, समोरची माणसं राहून जातात.

लक्ष्मण गायकवाडांचं आत्मकथन ‘उचल्या’ (१९८७, पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी) याच लातूर तालुक्यातलं. ते अनेकांनी वाचलेलं असतं, म्हणून एकच सुचवणं: दुसऱ्यांदा वाचताना चोरीच्या शिकवणीचं प्रकरण सोडून सूतगिरणीच्या भागाकडं लक्ष द्यावं. पहिल्या वाचनात तो भाग हटकून हातून निसटतो.

रात्री रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ (१९७१). गावातल्या शिंप्याच्या बायकोने, पारबतीने, सांगितलेली एका घराच्या मोडण्याची गोष्ट, पूर्ण बोलीत. बाहेरच्या वाचकाची गाडी पहिल्या दहा पानांत अडते, आणि कारण नेहमी तेच: डोळ्यांनी वाचणं. ‘न्हाई’, ‘व्हतं’, ‘करायलास’, ‘जायलाव’ ही रूपं डोळ्याला खडा लागल्यासारखी वाटतात. पहिली पंधरा पानं मोठ्याने वाचावीत, दिवसभर बसमध्ये ऐकलेल्या बायकांचा आवाज आठवून. सोळाव्या पानापासून बोली दिसेनाशी होते आणि बाई दिसायला लागते. ही कादंबरी लहान आहे, चार तासांत होते, आणि पन्नास वर्षांनंतरही तिला कुठं गंज चढलेला नाही. ग्रामीण कादंबरी म्हणजे पाटील, वाडा आणि सूड एवढंच ज्यांना वाटतं त्यांनी सुरुवात इथून करावी. या सात दिवसांतलं एकच पुस्तक न्यायचं झालं तर हे.

पाचवा दिवस : गंगाखेड, परभणी

लांबचा टप्पा, परळी-गंगाखेडवरून. दिशा उत्तरेची, तेव्हा दुपारनंतर ऊन डावीकडून. पुन्हा उजवी बाजू. गंगाखेड जनाबाईचं. तिचे दळणाकांडणाचे अभंग बसमध्ये अगदी फिट बसतात, कारण त्यांची लय जात्याची आहे, एका फेऱ्याची. घाईने वाचले तर मोडतात.

परभणीत कथा. आसाराम लोमटे यांचा ‘आलोक’, साहित्य अकादमी २०१६. या दीर्घकथा आहेत, एकेकीला पाऊण ते एक तास लागतो. एका दिवशी एकच वाचावी. दोन सलग वाचल्या की दुसरी पहिलीच्या सावलीत जाते, आणि मग ‘सगळ्या सारख्याच’ असा अन्यायाचा शेरा पडतो. त्यांचं कसब तपशिलात आहे: शाळा, पतपेढी, ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेचा रस्ता, प्रत्येक ठिकाणी माणूस नेमका कुठं अडवला जातो ते दाखवणं. ओरड नाही. शेवट अनेकदा ठोस बंद होत नाही आणि काही वाचक त्यावर चिडतात. आम्हाला ते बरोबर वाटतं, कारण त्या माणसाचं कामही अडकलेलंच असतं. याच्या जोडीला भास्कर चंदनशिवांची ‘लाल चिखल’ ही कथा वाचावी. टोमॅटोचा भाव पडतो, एवढीच घटना. बाजाराच्या दिवशी भाजी मंडईत एक चक्कर मारून मग वाचली तर भाव विचारताना जीभ अडखळते.

इंद्रजित भालेरावांच्या ‘पीकपाणी’ला आणि ‘आम्ही काबाडाचे धनी’ला वेगळी वाट लागते: शेताचा बांध. कृषी विद्यापीठाच्या बाजूला सकाळी फिरायला गेलं तरी पुरे. ही कविता पाठ होते, म्हणजे ती पाठ होण्यासाठीच लिहिली आहे. कागदावर काही ठिकाणी ती घोषणेच्या जवळ जाते, आवाजात तो दोष लपतो. कोणी ‘पुस्तक नको, तूच म्हण’ म्हटलं तर म्हणावी.

बी. रघुनाथ (१९१३–१९५३) परभणीत नोकरी करता करता लिहीत राहिले. ‘आडगावचे चौधरी’, ‘म्हणे लढाई संपली’ या कादंबऱ्या मिळाल्या तर घ्याव्यात. अनेकदा ग्रंथालयातूनच मिळतात. अडचण शब्दांची. निजामी राजवटीतला कारभार उर्दूतून चाले, त्यामुळं अव्वल तालुकदार म्हणजे जिल्ह्याचा कलेक्टर, हाली म्हणजे हैदराबादचा रुपया आणि कल्दार म्हणजे इंग्रजी रुपया, असे दहा-पंधरा शब्द आधी माहीत हवेत. हाली-कल्दारची कमीजास्त किंमत लक्षात आली नाही की व्यवहाराचे प्रसंग कळतच नाहीत आणि वाचक लेखकाला दोष देतो. तेवढा कागद सोबत असला की हा माणूस किती आधी, किती शहाण्या हाताने लिहीत होता हे बघून चकित व्हायला होतं. त्यांच्या कवितेचं मात्र आज जुनं झालेलं वळण जाणवतं.

सहावा दिवस : नांदेड

रेल्वेने साधारण साठ किलोमीटर. सचखंड हुजूर साहिबला आधी जाऊन यावं, लंगरमध्ये जेवावं, आणि दुपार पूर्ण नरहर कुरुंदकरांना द्यावी (१९३२–१९८२, गाव कुरुंदा, कर्मभूमी नांदेड, पीपल्स कॉलेज).

कुरुंदकर वाचताना एक चूक जवळजवळ प्रत्येकाकडून होते. ते आधी विरुद्ध पक्षाची बाजू मांडतात, आणि इतकी ताकदीने की तीच त्यांची बाजू वाटते. मग तीन-चार पानांनी एक-एक वीट काढायला लागतात. त्यामुळं त्यांच्या लेखातला सुरुवातीचा परिच्छेद उचलून ‘कुरुंदकर म्हणतात’ असं लिहिणारे नेहमी तोंडावर पडतात. लेख शेवटपर्यंत वाचल्याशिवाय पेन्सिल हातात घेऊ नये. घेतली तर कडेला ‘त्यांचं’ आणि ‘इतरांचं’ अशी खूण करत जावी.

सुरुवात कुठून? ‘शिवरात्र’ किंवा ‘जागर’मधला एखादा लेख चालेल, पण आमची शिफारस रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला असलेल्या त्यांच्या प्रस्तावनेची. कादंबरी न वाचताही ती वाचता येते. शिवाजीमहाराजांबद्दल इतिहासाला काय ठाऊक आहे आणि कादंबरीकाराला काय ठरवावं लागतं, यातली फट ती दाखवते. ती वाचून कादंबरीकडं गेलं तर कादंबरी थोडी लहान वाटते, हा तोटा गृहीत धरावा. ‘धार आणि काठ’ हे मराठी कादंबरीवरचं पुस्तक मात्र नवख्याने टाळावं: त्यात चर्चिलेल्या निम्म्या कादंबऱ्या तरी वाचलेल्या हव्यात, नाहीतर मतं पाठ होतात आणि पुस्तक हाती लागत नाही. ‘व्यासांचे शिल्प’ महाभारत माहीत असलेल्या कोणालाही जमेल, आणि बोटीतल्या गप्पांसारखं वाहतं.

हे वाचन गोदाकाठी नको, चहाच्या टपरीवरही नको. टेबल, खुर्ची, पंखा. दर वीस पानांनी थांबावं. तासाला वीस-पंचवीस पानांच्या वर गेलात तर काहीतरी सुटलंय असं समजावं.

सातवा दिवस : परतीची गाडी

नांदेडहून सकाळी निघणारी तपोवन एक्स्प्रेस बरी. वेळ आदल्या दिवशी तपासून घ्यावी. पूर्णा, परभणी, सेलू, परतूर, जालना, मग संभाजीनगर, चार-साडेचार तास. ऊन डाव्या अंगाने येतं, खिडकी उजवीकडची.

या गाडीसाठी राखून ठेवायचं पुस्तक म्हणजे अनंत भालेरावांचं ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’. ही लाईनच निजामाच्या काळातली, तेव्हाची मीटरगेज. पुस्तकातली कितीतरी गावं खिडकीतून पाटीवर येतात. भालेराव ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक, स्वतः लढ्यातले, त्यामुळं नावांची गर्दी प्रचंड. पहिल्या वाचनात सगळी नावं धरायचा प्रयत्न केला की पन्नास पानांत दमछाक होते. स्वामी रामानंद तीर्थ, निजाम, रझाकारांचा पुढारी कासीम रझवी आणि आपल्या जिल्ह्यातली दोन-तीन नावं एवढीच धरावीत, बाकीची जाऊ द्यावीत. दुसऱ्या वाचनात ती आपोआप चिकटतात. पुस्तक जड आहे, वजनानेही. पण दोन गोष्टी यात एकत्र मिळतात ज्या इतर इतिहासांत वेगळ्या पडतात: संस्थानातली शाळा-वाचनालयांची चळवळ आणि हत्यारी लढा. वाचनालय उघडणं हे राजकारण कसं होतं, ते वाचून परभणीच्या बी. रघुनाथांकडं पुन्हा जावंसं वाटतं.

गाडीत सुरुवातीची प्रकरणं होतात. जालना सोडलं की खूण घालून पुस्तक मिटावं, डब्यात उतरणाऱ्यांची गडबड सुरू होते. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ चा, पोलीस कारवाईचा, भाग घरी, टेबलाशी बसून, मराठवाड्याचा नकाशा शेजारी उलगडून.